जाऊबाईंचा भुंगा

आमच्या भाऊजींना गल्लीतली मुलं भुंगेवाले म्हणतात. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. आजारपणात ज्यांच्या घशातलं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, अशा माणसांसाठी ते बोलायचं यंत्र बनवतात. मुठीत मावेल एवढं, दिसायला विजेरीसारखं. त्याचं डोकं हनुवटीखाली गळ्याला टेकवायचं आणि अंगठ्याने बटण दाबायचं. आत एक छोटा दट्ट्या पडद्यावर थडाथडा आपटतो, गुंऽऽ असा आवाज निघतो आणि तो कातडीतून तोंडात शिरतो. मग जीभ आणि ओठ नेहमीसारखे हलवले की त्या गुणगुणीचेच शब्द होतात. हॉस्पिटलच्या कागदावर त्याचं लांबलचक नाव आहे. आमच्या घरात तो भुंगा.

बाहेरच्या खोलीत हे काम चालतं. रस्त्यावर उघडणारं दार, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. खोलीत एक लांब टेबल, मान वाकवता येणारा दिवा, भिंतीवर खिळ्याला टांगलेला आरसा आणि आरशासमोर हात टेकायची एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून माणसं पहिल्यांदा पुन्हा बोलतात. भाऊजी आधी रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ गेले तसे टेप आले, टेप गेले तशी कानाची मशिनं आली, आणि त्यातून हे. कॉइल मी गुंडाळते. मला विणकामाची सवय होती, त्यामुळे केसासारखी तार हाताला जड गेली नाही. "शाळेत इंग्रजी कच्चं होतं तरी चालेल," भाऊजी म्हणाले होते, "तारेला मराठी कळतं."

तीस वर्षांत मी त्या खुर्चीत नाना तऱ्हेची माणसं पाहिली. एक बस कंडक्टर होते. पाच महिने मुके. भुंगा गळ्याला लागल्याबरोबर सोबत आलेल्या मेव्हण्याकडे वळून त्यांनी पहिलं वाक्य काढलं, "माझी सायकल कुठंय?" मेव्हण्याने ती दुसऱ्याच महिन्यात विकली होती. तो म्हणाला, "भावोजी, आत्ताच तर बोलायला लागलात, जरा दम घ्या." भाऊजी इतके हसले की हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलाखाली गेला.

स्क्रूचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. प्रत्येक भुंग्याच्या पोटात मोहरीएवढा स्क्रू असतो. डावीकडे वळवला की आवाज जाड होतो, उजवीकडे वळवला की बारीक. भाऊजी तो हळूहळू फिरवतात आणि घरच्या माणसांना विचारतात, "असा होता का? याच्या खाली? वर?" कुणीतरी एकदम मान वर करतं. ती जागा. आवाजाचा चढउतार काही त्यात येत नाही, सगळं एका सुरात चालतं, तरी घरच्या माणसाला ती जागा बरोबर कळते. मग थरथरीने स्क्रू सरकू नये म्हणून भाऊजी त्यावर लाल नेलपॉलिशचा एक थेंब सोडतात. थेंब वाळला की आवाज पक्का.

माणूस गेलं की भुंगा परत येतो. घरात ठेवायला नको वाटतो आणि फेकवत नाही. आलेला भुंगा भाऊजी त्याच दिवशी उघडतात, लाल थेंब टोकरून काढतात आणि स्क्रू डावीकडे शेवटपर्यंत नेऊन ठेवतात. याला ते उतरवणं म्हणतात. हा त्यांचा नेम आहे. एकदाच चुकले होते. एका गेलेल्या माणसाचा भुंगा न उतरवता दुसऱ्याला दिला गेला. हॉस्पिटलात चिठ्ठीच्या रांगेत त्या पहिल्या माणसाची बायको उभी होती, आणि मागून आवाज आला, "सरका पुढे." बाई निमूटपणे एक पाऊल पुढे सरकली. मग तिथेच फरशीवर बसली. तिला उठवायला दोघं लागले. त्या दिवसापासून नेम.

तो नेम भाऊजींनी फक्त एका भुंग्याच्या बाबतीत पाळला नाही.

माझ्या जाऊबाईंना मी ताई म्हणायचे. त्या मला धाकटे म्हणायच्या, आणि त्यांचं ऐकून भाऊजीही तेच म्हणू लागले. ताईंचा आवाज गोड वगैरे नव्हता, खणखणीत होता. त्यांनी दारातून हाक मारली की समोरच्या सायकलवाल्याच्या हातातला पाना थांबायचा. त्यांचा घसा एका हिवाळ्यात बसला तो उठलाच नाही. ऑपरेशन झालं. गळ्याच्या पुढे श्वासासाठी भोक राहिलं आणि बोलणं गेलं. घरात पाटी-पेन्सिल आली.

हॉस्पिटलने त्यांना बाहेरच्या बनावटीचं एक यंत्र दिलं होतं. ते पुरुषांच्या मापाचं. ताई त्यातून पहिल्यांदा एक शब्द बोलल्या, यंत्र खाली ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "हे तर मामंजी बोलले." आमचे सासरे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आम्ही हसलो, त्याही खांदे हलवून हसल्या. पण त्यांनी त्या यंत्राला पुन्हा हात लावला नाही.

मग भाऊजींनी त्यांच्यासाठी पहिला भुंगा केला. आठ महिने लागले. किरणांच्या उपचाराने ताईंची मान लाकडासारखी टणक झाली होती. जबड्याखाली नाण्याएवढी एकच जागा मऊ होती. तेवढ्या जागेवर बसेल असं बारीक डोकं हवं होतं. जुन्या बनावटीच्या इयरफोनमधलं चुंबक त्याला बसलं. तसे दोनच मिळाले, मग ते निघायचे बंद झाले. दोन्हींची बारीक डोक्याची यंत्रं झाली. एक कुण्या परगावच्या बाईंबरोबर गेलं ते परत आलं नाही. दुसरं ताईंचं.

स्क्रू फिरवायला भाऊजी बसले तेव्हा ताई खुर्चीत डोळे मिटून होत्या. एका जागी त्यांनी हात वर केला. डोळे उघडले नाहीत, पण पापणीखालून पाणी आलं. स्क्रूवर घालायला काही सापडेना, तर त्याच आत गेल्या आणि माझ्या लग्नात घेतलेली नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या. नेलपॉलिशची रीत तेव्हापासूनची.

आणखी एक रीत त्यांचीच. हॉस्पिटलकडून सरावासाठी छापील वाक्यं यायची. सूर्य पूर्वेला उगवतो, आरोग्य हीच संपत्ती, असली. ताईंनी पाटीवर लिहिलं, "घरात असं कोण बोलतं?" आणि एका पुठ्ठ्यावर सात वाक्यं लिहून आरशाशेजारी लावली. कोण आहे? दार लोटून घे. चहा झाला का? मला नको, तू घे. इतका उशीर? बोल, मी ऐकतेय. मी इथेच आहे.

तो पुठ्ठा अजून तिथेच आहे. जो येतो तो तीच वाक्यं म्हणतो. त्यातला ‘ह’ कुणालाच नीट जमत नाही, कारण त्याला छातीतला श्वास लागतो आणि तो तर भोकातून निघून जातो. ‘आहे’चं ‘आए’ होतं. तीस वर्षं ताईंची वाक्यं मी परक्या तोंडांतून ऐकत आले.

ताईंना एक खोड होती. नवशिक्यांना असते, त्यांची गेलीच नाही. त्या बटण आधी दाबायच्या आणि बोलायला नंतर सुरुवात करायच्या. त्यामुळे आधी नुसतीच गुंऽऽ अशी गुणगुण यायची आणि मग वाक्य. भाऊजी कंटाळून म्हणायचे, "अगं, ओठ हलवशील तेव्हा दाब." ताई म्हणायच्या, "गुंऽऽ मी येतेय हे कळायला नको?"

तीन वर्षांपूर्वी ताई गेल्या. घशाने नाही, हृदयाने दगा दिला. दुपारचे चार वाजले होते. भाऊजी कामासाठी हॉस्पिटलात गेले होते आणि घरात मी एकटी.

त्यानंतर त्यांचा भुंगा उतरवला जाईल म्हणून मी वाट पाहिली. भाऊजींनी तो टेबलाच्या वरच्या खणात ठेवला आणि दर रविवारी चार्जिंगला लावू लागले. मी विचारलं नाही. माणसाचा एखादा सदरा कपाटात राहतो, तसंच हे, असं मनाला सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला. आधी गुंऽऽ. मग, "धाकटे, चहा झाला का?"

"झालाय ताई, आणते," मी म्हणाले. फळीवरून त्यांचा निळ्या काठाचा कप काढलासुद्धा. चहा ओतायला गेले आणि हात थांबला. देवाचं नाव तोंडात आलं तेही अर्धंच.

बाहेर जाऊन पाहिलं. भाऊजी आरशासमोर खुर्चीत बसले होते. ताईंचा भुंगा त्यांच्या गळ्याला होता. श्वास रोखून धरायचा आणि नुसते ओठ हलवायचे, तसं ते नेहमीच प्रत्येक भुंगा स्वतःवर लावून बघतात. पण हे तसं नव्हतं. त्यांनी बटण आधी दाबलं होतं. मी आरशात दिसल्यावर त्यांनी हात खाली घेतला.

"टेस्टिंग," ते म्हणाले.

मी मान हलवली आणि आत आले. निळ्या काठाचा कप धुतला. तो कोरडाच होता.

मग रोज चार वाजता. कधी "दार लोटून घे," कधी "इतका उशीर?" आणि लगेच भाऊजींच्या स्वतःच्या आवाजात उत्तर, "हो, लोटलं." कधी पुठ्ठ्यावर नसलेली, साधी वाक्यं. "आज वारा आहे." "ते हिरवं पातेलं कुठे गेलं?" हळूहळू दिवसभर त्यांचं स्वतःचं बोलणं कमी झालं. जेवताना खुणेने मीठ मागायचे. चार वाजले की मात्र घरात दोन माणसं बोलायची.

मी आमच्या यांना सांगितलं. हे म्हणाले, "करू दे गं, कुणाला दगड मारतोय का?" आठ दिवसांनी हेच कामावरून आल्यावर चप्पल काढता काढता विचारू लागले, "आज वहिनी काय म्हणाली?" विचारलं आणि स्वतःच जीभ चावली. सायकलवाला तर चार वाजता दुकानाचं दार अर्धं ओढून घेऊ लागला. म्हणाला, "तुमच्याकडे भाऊसाहेब बोलतात की वहिनी, मला कळत नाही. माझा पाना हातातून पडतो."

मी भाऊजींना एका शब्दाने बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, थोरला दीर म्हणून मूग गिळून बसलीय. ते खरं नाही. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईंच्या शेवटच्या वर्षात मला त्या आवाजाचा कंटाळा आला होता. माणसाचा नव्हे, आवाजाचा, असं मी देवाला सांगत असे, पण देवाला फरक कळत असणार. दिवसभर एकाच सुरातली ती गुणगुण. आणि त्यांच्या खोडीमुळे मला आधी वर्दी मिळायची. गुंऽऽ ऐकू आलं की वाक्य यायच्या आत मी मोरीतला नळ सोडायचे. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, एवढं म्हणायला मोकळी. मग त्या पाटी घेऊन आत यायच्या आणि मी म्हणायचे, "अय्या ताई, हाक मारलीत?"

त्या दिवशीही चार वाजता गुंऽऽ झालं. मी भांडी घासत होते. तोंडाने देवाचं नाव चाललं होतं आणि हाताने नळ सोडला. त्या पाटी घेऊन आल्या नाहीत. दहा मिनिटांनी मी बाहेर गेले तर खुर्चीत मान कलंडलेली आणि भुंगा मांडीवर.

त्या गुंऽऽनंतरचं वाक्य कोणतं होतं, ते मला माहीत नाही. पाणी होतं की औषध की नुसतंच "मी इथेच आहे." म्हणून भाऊजी ताईंच्या आवाजात बोलू लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं नाही. रोज चार वाजता नळ घट्ट बंद करून मी ओट्याशी उभी राहायचे. कोण जाणे, ते वाक्य येईल.

असं दीड वर्ष गेलं. मग ती शिवणवाली आली.

पस्तिशीची बाई, बोटांच्या टोकांना सुया टोचून घट्टे पडलेले. चार महिन्यांपूर्वी स्वरयंत्र काढलेलं. गळ्याला रुमाल, हातात पाटी. सोबत तिची भावजय, अखंड बोलणारी. भाऊजी हॉस्पिटलात गेले होते, म्हणून मीच एकेक भुंगा लावून पाहिला. तिची मान ताईंसारखीच लाकूड झालेली. मोठं डोकं कुठेच बसेना, नुसती खरखर यायची. तोंडात नळी धरून बोलायचा प्रकार हॉस्पिटलात करून झाला होता. त्यात लाळच जास्त.

"म्हाताऱ्या सासूबाईंसाठी चाललंय हो सगळं," भावजय म्हणाली. "म्हणजे हिची आई. डोळे गेलेत दहा वर्षांमागे. त्यांना पाटी काय दाखवायची? ही जवळ गेली, हात धरला, की झटकतात. म्हणतात, ही कोण नर्स ठेवलीत? माझी मुलगी कुठे आहे? आम्ही सांगतो, हीच तुमची मुलगी, घशाचं ऑपरेशन झालंय. तर म्हणतात, मी आंधळी आहे, वेडी नाही. मुलगी मेली आणि तुम्ही लपवताय. आता तर हिच्या हातचं खातही नाहीत. चार दिवस नुसत्या पाण्यावर आहेत."

शिवणवालीने पाटीवर लिहिलं, "ती मला रडतेय. माझ्यासमोर."

मी वरचा खण उघडला. नुसतं लावून पाहायचं, बसतंय का तेवढं बघायचं, असं मनात होतं. निदान त्या वेळी तरी तेच होतं. ताईंचा भुंगा मी तिच्या जबड्याखाली, त्या नाण्याएवढ्या मऊ जागेवर ठेवला. चपखल बसला. पुठ्ठ्याकडे बोट केलं. तिने बटण दाबलं, अर्थात आधीच, सगळेच नवशिके तसं करतात. गुंऽऽ. आणि मग स्वच्छ, "कोण आए?"

त्याच क्षणी दारातून उत्तर आलं.

"मी गं. दुसरं कोण असणार?"

भाऊजी उंबऱ्यात होते. एका पायातली चप्पल काढलेली, दुसरी पायातच. खांद्यावरची पिशवी अर्धी उतरलेली. किती सहज म्हणाले ते. तीस वर्षं रोज घरी येऊन म्हणत होते तसंच. चेहऱ्यावर हसू आलेलं मी पाहिलं, आणि ते जाताना पाहिलं.

शिवणवाली एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. भाऊजी तसेच एका चपलेने आत आले आणि तिच्या हातातून भुंगा काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून काच काढून घ्यावी तसा.

"हा द्यायचा नाही. नादुरुस्त आहे."

तिने पाटीवर लिहिलं, "बोलला की."

"एकदा बोलला. पुन्हा बोलेल याची खात्री नाही. नवा करावा लागेल. दोन महिने लागतील."

ते चुंबक मिळत नाही हे मला ठाऊक होतं. दोन महिन्यांनीच काय, दोन वर्षांनीही नवा होणार नव्हता. इतक्या वर्षांत भाऊजी पेशंटशी पहिल्यांदा खोटं बोलले. भावजय म्हणाली, "दोन महिने म्हातारी काढायची नाही हो." भाऊजींनी दार उघडून धरलं. त्या दोघी गेल्या.

दार लोटून मी म्हणाले, "भाऊजी, तो भुंगा उतरवायला हवा."

"तू खण का उघडलास?"

"उघडला. चुकलं. पण तुमचाच नेम आहे."

"माझा नेम मला शिकवू नकोस, धाकटे."

मी इतकी वर्षं त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. पण नळाचं सगळं सांगून टाकलं. गुंऽऽ, पाणी, दहा मिनिटं. सांगताना पदराचं टोक पिळत होते आणि वाटत होतं, आता हे मला घरातून जा म्हणतील.

त्यांनी भुंगा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे रोज चारला तू..."

"नळ बंद करून उभी असते. त्या येऊन सांगतील म्हणून."

"ती कशी येईल? बोलतो तर मी."

"मग उत्तर कुणाला देता?"

त्यांनी आरशाकडे पाठ केली.

"तोंड तुमचं आहे, भाऊजी. त्यांचा फक्त स्क्रू आहे. तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच तो बोलणार. त्या दिवशी त्या काय म्हणाल्या ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून मला ते कधीच ऐकू येणार नाही. हे मला दीड वर्ष कळतंय आणि तरी मी उभी राहतेय."

"मग राहा उभी," ते म्हणाले. रागाने नाही. थकून.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गुंऽऽ आलं नाही. बाहेर जाऊन पाहते तर भाऊजी नव्हते आणि खण रिकामा. ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती. हात धुतले आणि टॉवेलला पुसत मला म्हणाले, "त्यांच्याकडे गेलो होतो. म्हातारीने विचारलं, कोण आहे? म्हटलं, मशीनवाला. तर माझं मनगट धरून म्हणाली, तुम्ही परके आहात, तुम्ही तरी खरं सांगाल. माझी मुलगी कधी गेली? आणि मुलगी तिथेच, भिंतीला टेकून उभी." टॉवेल खुंटीला लावून म्हणाले, "उद्या घेऊन येताहेत. चहा जास्त टाक."

दुसऱ्या दिवशी म्हातारीला दोघींनी धरून आणलं. जीर्ण झालेली, पण जीभ शाबूत. शिवणवालीचा हात लागला की अंग चोरत होती. भाऊजींनी तिला हाताच्या खुर्चीत बसवलं आणि शिवणवालीला शेजारी स्टुलावर. आरशाचं काही काम नव्हतं. त्यांनी ताईंचा भुंगा शिवणवालीच्या हातात दिला आणि पुठ्ठ्याकडे बोट केलं.

"आधी सगळी वाचा," ते म्हणाले. "एकदा. सावकाश."

मी दारात उभी होते. भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. शिवणवालीने सातही वाक्यं म्हटली, प्रत्येकाच्या आधी गुंऽऽ, ताईंच्या जागेवरच्या आवाजात. दार लोटून घे. चहा झाला का. मला नको, तू घे. भाऊजींचा खांदा एकदाही हलला नाही. सातवं झालं, "मी इथेच आए," आणि खोलीत फक्त सायकलवाल्याच्या पंपाचा आवाज राहिला.

म्हातारी म्हणाली, "ही कोण बाई? बोलायला बरी आहे. पण माझी नव्हे."

"नाही," भाऊजी म्हणाले. "तुमची नव्हे."

त्यांनी भुंगा घेतला, टेबलावर पांढरं फडकं पसरलं, झाकण काढलं. दिव्याची मान वाकवली. पोटातला लाल थेंब तीस वर्षांनीही तसाच चकचकीत होता. त्यांनी सुईचं टोक त्याला लावलं आणि थांबले. मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, यांच्या हाताला बळ दे, आणि लगेच म्हणाले, नको, नको देऊस. दोन्ही म्हणाले. देवाने कोणतं ऐकलं ते त्यालाच ठाऊक. कट्‌ असा अगदी बारीक आवाज झाला आणि फडक्यावर लाल टिकली पडली.

मग नेहमीप्रमाणे. बटण शिवणवालीच्या हातात, स्क्रू भाऊजींच्या. "आजी, थांब म्हणा." आवाज खाली उतरू लागला. ताईंची जागा सुटली ती मला कळली. जिना उतरताना एक पायरी चुकावी तसं झालं.

"खाली," म्हातारी म्हणाली. "अजून. माझी पोर घोगरी आहे जरा, बापावर गेलीय. खाली. थांब. वर, थोडंसं. हां!"

भाऊजींचा हात तिथेच गोठला. शिवणवालीने पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही. गुंऽऽ झालं, "आई, जेव ना गं."

म्हातारीचे दोन्ही हात हवेत गेले. चाचपत चाचपत तिने तोंड शोधलं, गाल, मग भुंग्यावरची बोटं. त्या बोटांचे घट्टे तिला लागले असणार. "मेले," ती म्हणाली, "चार महिने कुठे उलथली होतीस?" आणि रडता रडता तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

भावजय म्हणाली, "बघा, एवढे दिवस मी सांगत होते तर माझ्यावर विश्वास नाही." मग तीही पदराला डोळे पुसू लागली.

नेलपॉलिशची बाटली आता दुसरी आहे, रंगही थोडा वेगळा. भाऊजींनी थेंब सोडला, फुंकर घालून वाळवला, झाकण लावलं आणि भुंगा शिवणवालीला दिला. "ओठ हलवशील तेव्हा दाब," तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि पुन्हा आधीच दाबला.

ती माणसं गेल्यावर फडकं झटकायला मी गेले तर लाल टिकली त्यावर नव्हती. कुठे गेली ते मी विचारलं नाही.

चार वाजले. मी नळ बंद करून ओट्याशी उभी राहिले. सवय. गुंऽऽ आलं नाही. ते येणार नव्हतं हे माहीत असूनही कान तिकडेच. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं, ताई गेल्या त्या दिवशीसुद्धा नाही. शेवटी दारापर्यंत गेले. भाऊजी आरशासमोर बसले होते. हात मांडीवर, रिकामे. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते. इतकी वर्षं मुक्या माणसांत काढल्यावर मला ओठ वाचता येतात. सात वाक्यांतलं तिसरं होतं.

"झालाय," मी मोठ्याने म्हणाले. "आणते हं."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी आत आले आणि फळीवरून कप काढला. या वेळी भाऊजींचाच.